नांदी नको, पूर्वरंग लिहा

चाळीसगावच्या एका होतकरू कादंबरीकारांनी विचारलंय : ‘माझ्या कादंबरीत पहिल्या प्रकरणाआधी तीन पानं आहेत. नायकाच्या आजोबांची, दुष्काळातली. इंग्रजीत याला प्रोलॉग म्हणतात. मराठीत काय लिहू, प्रस्तावना की नांदी? आणि मुळात ही पानं हवीत का?’

नांदी नको. हे आधी सांगून टाकतो, कारण या शब्दाचे हाल ऐकून कान किटलेत. ‘युद्धाची नांदी’, ‘टंचाईची नांदी’, आणि परवा तर ‘केळीवरच्या करप्याची नांदी’! अहो, नांदी नन्द् धातूतून आली. आनंद तिचा सख्खा भाऊ. लेकीला सासरी ‘सुखानं नांद’ म्हणतो, तेही त्याच घरातलं. नाटकाआधी देवाला आळवून प्रेक्षकांचं भलं मागायचं, ती नांदी. लग्नामुंजीच्या आधीचं ते नांदीश्राद्ध. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांच्या शाकुंतलात ‘पंचतुंड नररुंडमालधर’ झालं, तेव्हा कुणाच्या बागेवर रोग पडणार नव्हता. करप्याची चाहूल म्हणा, लक्षणं म्हणा. तुमच्या तीन पानांत दुष्काळ आहे, म्हणजे विषयच संपला.

प्रस्तावनाही नको, निदान आजच्या अर्थानं. ती हल्ली उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसते. कुणी वडीलधारा पुस्तकाविषयी चार शब्द बोलतो, जसे १९५२ साली बहिणाबाईंच्या गाण्यांना अत्रे बोलले. तुमचे आजोबा तर घरात शिरलेले आहेत. त्यांच्या डोक्यावर ‘प्रस्तावना’ छापलंत, तर वाचक ती पानं उलटून सरळ पहिल्या प्रकरणावर जाईल. प्रस्तावना वाचतो कोण? अपवाद राजवाड्यांचा. धुळ्याला ज्यांच्या नावानं संशोधन मंडळ आहे, ते इतिहासाचार्य. त्यांची ‘राधामाधवविलासचंपू’ची (चंपू म्हणजे गद्यपद्य मिसळलेलं काव्य) प्रस्तावना लोकांना माहीत असते, मूळ चंपू उघडलेला माणूस मला अजून भेटायचाय.

‘पूर्वरंग’ लिहा. नारदीय कीर्तन ऐकलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. आधी अभंग आणि निरूपण, मग बुवांना बुक्का, गळ्यात हार, आणि उत्तररंगात आख्यान. लहानपणी आम्ही पूर्वरंगात आजीच्या मांडीवर झोपायचो आणि हाराच्या वेळी झांजा वाजल्या की डोळे चोळत उठायचो. ज्यानं पूर्वरंग जागेपणी ऐकला त्यालाच आख्यान कशासाठी लावलंय ते कळायचं. पानं ठेवायची की काढायची, याचं उत्तर यातच आहे. आजोबांचा दुष्काळ पुढे नातवाच्या अंगावर येणार असेल आणि नातवाला तो ठाऊक असणं शक्य नसेल, तर ठेवा. नुसती हवा तापवायला असतील, तर काढा.

जळगावातले एक निवृत्त प्राध्यापक, माझे जुने प्रतिस्पर्धी, यावर लगेच नाट्यशास्त्र काढतील. पूर्वरंग म्हणजे प्रयोगाआधीचा सगळा विधी, त्यात वाद्यं मांडणंही आलं, कथेशी त्याचा संबंध नाही, वगैरे. बरोबर आहे. पण कीर्तनकारांनी तो शब्द कधीच आपलासा केलाय. प्राध्यापकांचा स्वतःचा शब्द आहे ‘उपोद्घात’. उच्चारताना कवळी निसटेल असा, आणि पोटात हन् धातू. कादंबरीच्या पहिल्याच पानावर घात!

खरा मजेचा शब्द प्रस्तावनाच. फक्त आपण तिला ओट्यावर नेऊन बसवली. प्र अधिक स्तु, म्हणजे आधी स्तुती. सामवेदी गायनात एका सामाचे पाच भाग असतात : प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव, निधन. (प्रस्तावापासून उपद्रवामार्गे निधन! कचेरीत फाइल फिरवलेल्याला पुढे काही सांगायला नको.) यातला प्रस्ताव म्हणतो तो प्रस्तोता. तो सूर धरून देतो आणि मग उद्गाता मुख्य गाणं उचलतो. नाटकातला सूत्रधार वेगळं काय करतो? शाकुंतलात नटीच्या गाण्यात तो इतका हरवतो, की आज कोणतं नाटक करायचंय तेच विसरतो. ती आठवण करून देते. तो म्हणतो, तुझ्या सुरानं मला असं ओढून नेलं, जसं त्या हरणानं दुष्यंत राजाला. आणि हरणामागे राजा रंगमंचावर! ही प्रस्तावना. निम्मी बाहेर, निम्मी आत. ग्रीकांचा प्रोलोगोसही आतलाच : कोरस रंगमंचावर येण्याआधीचा शोकांतिकेचा भाग तो प्रोलोगोस, असं ॲरिस्टॉटल सांगतो. नाटकातली प्रस्तावना थेट सामगायकाकडूनच आली, असं माझं ठाम मत आहे. प्राध्यापक याला दूरान्वय म्हणतात. म्हणोत.

छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट मात्र त्यांनाही नाकारता येणार नाही. कुरुदेशात पीक बुडालेलं. हा विद्वान इतका उपाशी, की एका माणसाच्या ताटातले उष्टे कुल्माष, म्हणजे हलकं कडधान्य, मागून खातो. दुसऱ्या दिवशी राजाच्या यज्ञात जातो आणि प्रस्तोत्याला बजावतो : ज्या देवतेचा हा प्रस्ताव, ती जाणून न घेता गायलास तर तुझं डोकं गळून पडेल. यज्ञ करणारे सगळे ऋत्विज गप्प. गाणं थांबलं. मग त्यानंच सांगितलं, ती देवता म्हणजे प्राण. (तुमच्या आजोबांच्या दुष्काळाला याहून जुना नातेवाईक मिळायचा नाही.)

दोन वर्षांपूर्वी अंमळनेरला एका कथासंग्रहाच्या प्रकाशनाला गेलो होतो. निवेदकानं ‘प्रस्ताविक’ म्हणून सुरुवात केली. प्रास्ताविक हो, प्रास्ताविक! मग ज्यांची प्रस्तावना पुस्तकाला होती ते उठले आणि वीस मिनिटं त्या ‘कवितां’च्या लयीवर बोलले. कथाकार बिचारा मान खाली घालून हारातली फुलं मोजत होता. मी श्वास रोखून पाहत होतो, पण डोकं जागेवरच राहिलं. नंतर शेवभाजीच्या पंगतीला ते माझ्या शेजारीच बसले आणि रस्सा दोनदा मागून घेतला.