कोपरा रुंदी खातो

घरातल्या दुरुस्त्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या बैठकीच्या खोलीत तीन बाजूंची बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर कोनात काढलेली खिडकी आहे. तिन्ही चौकटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजल्या, एकदा नाही, तीनदा. त्या मापाचे रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळले जाणारे पडदे, करून आणले. मधला छान बसला, पण बाजूचे दोन्ही त्याच्या ब्रॅकेटवर आदळतात. करून देणारा म्हणतो, तुमची मापं चुकली. मी पुन्हा मोजलं, तेच आकडे येतात. मग चुकलं काय?

उत्तर : मापं बरोबर आहेत, घेतली ती जागा चुकली. दोन जाड वह्या टेबलावर कोनात उभ्या करून बघा. मागच्या कडा जुळवायला जाल तर पुढच्या कडा आधीच एकमेकींना भिडतील. तुमच्या खिडकीत हेच झालंय. चौकट म्हणजे वहीची मागची बाजू. ब्लाइंड मात्र ब्रॅकेट, नळी आणि तिच्यावर गुंडाळलेलं कापड धरून सहा-सात सेंटिमीटर खोलीत पुढे येतो. तिथे कोपरा दोघांचीही रुंदी खातो. म्हणून प्रत्येक ब्लाइंड एकेकटा मस्त बसतो आणि शेजारी आला की भांडण सुरू.

किती खातो, हे कोनावर ठरतं. १३५ अंशांच्या कोपऱ्यात ब्लाइंड जितका पुढे येईल, त्याच्या साधारण ०.४१ पट लांबी त्या टोकाला सोडावी लागते. पुढे येणं ७० मिमी असेल तर २९ मिमी. मधल्या ब्लाइंडला दोन कोपरे, म्हणून त्याचे ५८ मिमी गेले. बाजूच्यांचा एकेकच कोपरा, तेव्हा २९ वर भागतं. कोन १५० अंशांचा, म्हणजे जास्त पसरट असेल, तर तेच १९ मिमी होतात.

आकडेमोड नको असेल तर मी करते ते करा. मी पहिल्यांदा अशी खिडकी केली तेव्हा तुमच्यासारखीच तोंडावर आपटले होते. तेव्हापासून कागदावर गणित मांडायच्या आधी खिडकीच्या कट्ट्यावर मांडते. कट्ट्यावर मास्किंग टेप चिकटवा. ब्लाइंडचा सगळ्यात पुढे येणारा भाग चौकटीपासून किती अंतरावर येणार, ते ब्रॅकेट हातात घेऊन मोजा. प्रत्येक चौकटीला समांतर, तेवढ्याच अंतरावर एकेक रेघ ओढा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो तुमचा खरा कोपरा. रेघेवरचं माप घ्या, कोपऱ्याकडच्या प्रत्येक टोकाला ३ मिमी सोडा, म्हणजे ब्रॅकेट घासणार नाहीत. सुताराच्या भाषेत एक सूत. माझे वडील सुतार होते आणि 'एक सूत सोडलं तर दोन दिवस वाचतात' असं म्हणायचे, ते इथे तंतोतंत लागू पडतं.

कट्टा आणि वरचा लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) एकावर एक असतील असं मात्र धरून चालू नका. वरून ओळंबा सोडून बघा. कोपरा वर आणि खाली ५-७ मिमीने इकडेतिकडे असेल तर जिथे जागा कमी, ते माप खरं.

आता तुमच्याकडे आहेत त्या ब्लाइंडचं काय करायचं? फेकू नका. साखळी नसलेल्या टोकाकडून नळी, कापड आणि खालची पट्टी, तिन्ही सारख्याच मापाने कापता येतात. नळीला करवत चालते. कापडाला मात्र पोलादी पट्टी आणि नवं कोरं पातं हवं, आणि कापताना हात मध्ये थांबता कामा नये. कड सुटणारं कापड असेल तर घरी हात घालू नका, ज्याने केलं त्याच्याकडूनच कापून घ्या. आणि त्याला स्पष्ट सांगा की हे ब्लाइंडचं तयार माप आहे, खिडकीचं नाही. मी एकदा स्वतः वजाबाकी करून माप दिलं, समोरच्याने खिडकीचं समजून त्यातून पुन्हा वजा केलं. दोघांनीही काळजी घेतली आणि कोपऱ्यात हात जाईल एवढी फट राहिली.

फटीवरून आठवलं. कापड ब्लाइंडच्या पूर्ण रुंदीचं नसतं. दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट आणि साखळीचं चाक यांच्यासाठी ते साधारण ३० ते ४० मिमी अरुंद असतं. म्हणजे ब्लाइंड कितीही शेजारी आणले तरी कापडांमध्ये उजेडाची पट्टी दिसणारच. ती कमी करायचा एक उपाय आहे आणि तो फारसं कुणी सांगत नाही : कापड नळीच्या मागून न सोडता पुढून सोडा. मागून सोडलेलं कापड काचेजवळ राहतं आणि तिथे दोन कापडांमधलं अंतर वाढतं. पुढून सोडलं की ती एकमेकांच्या जवळ येतात. १३५ अंशांच्या कोपऱ्यात फट जवळपास निम्मी होते. शिवाय खिडकीच्या मुठी कापडाला लागत नाहीत. आणि वर गुंडाळी उघडी न दिसता कापडच दिसतं. तोटा इतकाच, की कापडाची उलटी बाजू खोलीकडे येते. नक्षीचं कापड असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं लागतं.

प्रश्न : आमच्याकडे दोन मोठ्या काचा काटकोनात मिळतात, मध्ये खांब नाही. दोन्ही ब्लाइंड कोपऱ्यापर्यंत न्यायचे आहेत. कसे नेऊ?

उत्तर : दोन्ही नाही नेता येणार. काटकोनात ब्लाइंड जितका पुढे येतो तितकीच पूर्ण लांबी जाते. ७० मिमी पुढे, तर ७० मिमी कमी. म्हणून एक सरळ कोपऱ्यात जाऊ द्या आणि दुसरा त्याच्या अंगाशी थांबवा. दोघांना अर्धं अर्धं देऊन न्याय करायला गेलात तर कोपऱ्यात रिकामा चौकोन उरतो.

कोणता सरळ जाणार, हे रोज जिथे बसता त्या खुर्चीवर बसून ठरवा. तिथून जो समोर आडवा दिसतो तो पूर्ण न्या. त्याचंही कापड पुढूनच सोडा, म्हणजे थांबणाऱ्या ब्लाइंडच्या टोकाला ते जवळ राहील. आणि दोन्ही नळ्या एकाच उंचीवर आल्याच पाहिजेत. एका टोकाला लेव्हल लावून दुसऱ्या भिंतीवर अंदाजाने खूण केली तर काटकोनात ३ मिमीचा फरकही डोळ्यांत खुपतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, म्हणून दोन्ही भिंतींवर एकदम खूण होते.

खोली झोपायची असेल तर खरं सांगते, रोलर ब्लाइंडने हा कोपरा काळोखा होणार नाही. पुढे वाकवलेल्या रुळावर पडदाही लावा.

प्रश्न : साखळी कोणत्या बाजूला ठेवावी? कोपऱ्यात ठेवली तर लपेल असं वाटतं.

उत्तर : लपेल, आणि शेजारच्या साखळीत गुंतेल. शिवाय साखळीच्या बाजूला कापडाची फट जास्त रुंद असते, ती कोपऱ्यात कशाला? बाजूच्या ब्लाइंडच्या साखळ्या भिंतीकडे न्या. मधल्याला पर्याय नसतो. त्याची साखळी त्यातल्या त्यात कमी दिसणाऱ्या कोपऱ्याकडे घ्या. लहान मूल असेल तर साखळी खाली भिंतीला क्लिपने ताणून पक्की करा आणि खिडकीखालचा पलंग हलवा. साखळीचा लोंबता फास गळ्यात अडकू शकतो.