पन्नास किलोच्या आतबाहेरचे बॉक्सर खरंच इतके महान असतात का? त्यांच्या लढतीत नेमकं बघायचं काय?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की अली, टायसन, फ्युरी यांच्या लढती तुम्ही आवडीने बघता. एका मित्राने रोमान गोन्सालेसची लढत लावून दिली, तर तुम्हाला वाटलं, "हात भराभर चालतात, पण कुणी पडतच नाही." मग जाणकार लोक या एवढ्याशा माणसांना डोक्यावर का घेतात, हा तुमचा सवाल.

कॉलेजची तीन वर्षं मी ४८ किलो गटात खेळलो. आता रोज संध्याकाळी पोरांसाठी पॅड धरतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी वजनाचं बघू. व्यावसायिक बॉक्सिंगमधला सगळ्यात हलका गट १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोचा. त्याच्या वर १०८ पौंड, मग ११२ चा फ्लायवेट, मग ११५ चा सुपर फ्लायवेट. एका गटातून दुसऱ्यात जायला तीन-चार पौंड, म्हणजे दीड-पावणेदोन किलो. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. २०२० च्या फेब्रुवारीत वाइल्डर २३१ पौंडांचा होता आणि समोरचा फ्युरी २७३ चा. ४२ पौंडांचा फरक, आणि तरी लढत एकाच गटातली. आमच्यात सकाळी काट्यावर ३०० ग्रॅम जास्त भरले की पोटात गोळा यायचा. मी एकदा रेनकोट घालून, त्यावर स्वेटर चढवून हॉलच्या मागच्या जिन्यावर पाऊण तास वर-खाली केलंय. पाणी प्यायचं नाही, नुसती चूळ भरून थुंकायची. ज्याच्या अंगात आधीच चरबी नाही, त्या माणसाने दोन किलो कुठून काढायचे? मेरी कोमने २०१८ मध्ये पोलंडच्या स्पर्धेआधी चार तासांत दोन किलो उतरवले होते, दोरीच्या उड्या मारून. ४८ किलोच्या गटात दोन किलो म्हणजे अंगाचा पंचविसावा हिस्सा. आणि मग रिंगमध्ये उतरून तिने ती स्पर्धा जिंकली.

आता "कुणी पडत नाही" याबद्दल. हेवीवेटमध्ये नऊ फेऱ्या मार खाल्लेला माणूस दहाव्या फेरीत एका उजव्या हाताने सगळं फिरवू शकतो. त्यातला थरार मलाही आवडतो. पण हलक्या गटात ही पळवाट फार क्वचित मिळते. एका ठोशात काम होत नाही, म्हणून पहिला ठोसा दुसऱ्याची वाट मोकळी करायला मारावा लागतो, दुसरा तिसऱ्याची. पाय चुकले तर बारा फेऱ्या त्याची किंमत मोजावी लागते. मी पॅड धरतो तेव्हा ८० किलोच्या पोराचा ठोसा खांद्यापर्यंत जाणवतो, खरंय. ४८ किलोचा चांगला पोरगा मारतो तेव्हा चार आवाज येतात आणि चौथ्या आवाजाला तो समोर नसतो, माझ्या डाव्या खांद्याच्या बाहेर उभा असतो. मला वळावं लागतं. हे वळायला लावणं म्हणजेच या गटांतली ताकद.

म्हणून माझा पहिला सल्ला: हातमोज्यांकडे बघू नका. पहिल्या दोन फेऱ्या फक्त पायांकडे बघा.

त्यासाठी मेक्सिकोच्या रिकार्डो लोपेसपासून सुरुवात करा. टोपणनाव फिनितो. ५१ विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. आणि तुमच्या मित्राला हेही सांगा की ५१ पैकी ३८ विजय नॉकआउटने, तेही १०५-१०८ पौंडांत. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोत त्याने हिदेयुकी ओहाशीकडून पाचव्या फेरीत किताब घेतला आणि पुढे अकरा वर्षं, २००१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या शेवटच्या लढतीपर्यंत, त्याला कुणी हरवू शकलं नाही. त्याची कुठलीही लढत लावा आणि दोन्ही पायांमधलं अंतर बघा. पुढे जाताना, मागे येताना, ठोसा मारून झाल्यावर, ते अंतर जवळपास तेवढंच राहतं. पाय एकमेकांत अडकत नाहीत, उड्या नाहीत, दिखावा नाही. हात गालाशी. मग डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, त्यामागून सरळ उजवा, आणि समोरच्याने गार्ड आवळला की त्याच डाव्या हाताचा अपरकट कोपरांच्या मधून वर. तो अपरकट मी शंभरेक वेळा मागे-पुढे करून बघितलाय. ठोसा सुटण्याआधी डावा गुडघा किंचित वाकतो, एवढीच खूण. ती दिसेपर्यंत ठोसा पोचलेला असतो.

त्याची जी एकमेव बरोबरी, तीही बघाच. १९९८ च्या मार्चमध्ये निकाराग्वाच्या रोसेंदो अल्वारेसने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोपेस कॅनव्हासवर! डोक्याला डोकं लागून जखम झाल्यामुळे लढत सात फेऱ्यांनंतर थांबली आणि बरोबरी दिली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघे पुन्हा भिडले, अल्वारेस वजनापेक्षा जड येऊनही लोपेस जिंकला. पहिल्या लढतीत ज्या उजव्या हाताने त्याला पाडलं होतं, त्या हाताच्या वाटेतून तो दुसऱ्या लढतीत कसा बाजूला राहतो, हे लक्ष देऊन बघा.

तो हरलेला ओहाशी पुढे योकोहामात जिम चालवायला लागला. त्याच जिममधून नाओया इनोए घडला, आज जगातल्या सर्वोत्तम बॉक्सर्समध्ये ज्याचं नाव घेतलं जातं तो. इनोएचा पहिला जागतिक किताब कुठल्या गटातला? १०८ पौंड, २०१४ मध्ये, अवघ्या सहाव्या व्यावसायिक लढतीत. पॅकियाओचंही तेच. आठ गटांत किताब जिंकणाऱ्या या माणसाचा पहिला जागतिक किताब ११२ पौंडांचा होता, १९९८ मध्ये थायलंडला जाऊन तिथल्या चॅटचाय ससाकुलला नॉकआउट करून मिळवलेला. मोठ्या गटांत लोकांना जे हात-पाय आवडले, ते आधी इथेच घडले होते.

ठोशात दम नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी १३ मार्च १९९३ ची लास व्हेगासची लढत बघावी. अमेरिकेतल्या फिनिक्सचा मायकल कार्बाहाल विरुद्ध मेक्सिकोचा उंबेर्तो गोन्सालेस, ज्याला सगळे 'चिकिता' म्हणत. दोघेही १०८ पौंडांचे, दोघेही चॅम्पियन. कार्बाहाल दुसऱ्या फेरीत पडला, पाचव्या फेरीत पुन्हा पडला, डोळ्यावर जखम. सातव्या फेरीत गोन्सालेस संपवायला म्हणून पुढे आला आणि कार्बाहालच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) स्वतःच संपला. 'द रिंग' मासिकाने त्या वर्षीची सर्वोत्तम लढत म्हणून हीच निवडली. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लढतीसाठी कार्बाहालला दहा लाख डॉलर मिळाले. त्या गटात तोवर एवढी रक्कम कुणीच बघितली नव्हती. थायलंडचा खाओसाय गॅलेक्सी हेही एक नाव लिहून ठेवा: ११५ पौंड, १९ वेळा किताब राखला, त्यातल्या १६ वेळा नॉकआउटने. त्याचा जुळा भाऊ खाओकोर हाही जगज्जेता होता.

मग ही नावं आपल्यापर्यंत का पोचत नाहीत? माझ्या मते मुख्य कारण भूगोल आहे. हे गट गाजले ते टोकियो, सोल, बँकॉक, मनिला, मेक्सिको सिटी, मानाग्वा इथे. आपण बॉक्सिंग बघायला शिकलो अमेरिकन टीव्हीवरून, आणि तिथे या लोकांच्या लढती सुरुवातीला उरकून टाकत. दक्षिण कोरियाचा यू म्युंग-वू आणि चांग जुंग-कू यांनी ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला १०८ पौंडांचा किताब अनुक्रमे १७ आणि १५ वेळा राखला. आपल्याकडे ही नावं किती जणांनी ऐकलीत? आमच्या स्पर्धांतही लढती हलक्या गटापासूनच सुरू व्हायच्या. आम्ही रिंगमध्ये उतरायचो तेव्हा मांडववाले खुर्च्या उलगडत असायचे आणि माईकवाला "हॅलो, चेक, चेक" करत असायचा. मी एक उपांत्य लढत जिंकलो तेव्हा टाळ्या वाजवणारे दोघेच होते, माझे सर आणि समोरच्या पोराचा थोरला भाऊ. त्या भावाने वाजवलेल्या टाळ्या मी अजून विसरलेलो नाही.

आता तुमच्या मित्राने दाखवलेल्या गोन्सालेसकडे येतो. रोमान 'चोकोलातितो' गोन्सालेस, निकाराग्वातल्या मानाग्वाचा. सुरुवातीच्या काळात त्याला घडवलं निकाराग्वाच्याच जुन्या जगज्जेत्या अलेक्सिस अर्ग्वेयोने. २००८ मध्ये जपानला जाऊन त्याने १०५ पौंडांचा किताब जिंकला, मग १०८, ११२, आणि २०१६ मध्ये ११५. चार गटांत किताब जिंकणारा तो निकाराग्वाचा पहिला. २०१५ मध्ये मेवेदर निवृत्त झाल्यावर 'द रिंग'ने सगळ्या वजनगटांत मिळून पहिला क्रमांक त्यालाच दिला. त्याच वर्षी मे महिन्यात तो अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर पहिल्यांदा दिसला होता. म्हणजे जगज्जेता होऊन जवळजवळ सात वर्षं झाल्यावर!

तुम्हाला तो "भराभर हात" वाटला, पण एकदा वेग कमी करून बघा. तो धावत जात नाही. अर्ध्या पावलाने सरकतो, गार्ड वर, कपाळ समोरच्याच्या छातीपर्यंत नेतो. तिथे तीन-चार ठोसे मारतो, आणि त्यातले दोन मुद्दाम हलके असतात, समोरच्याचे हात जागचे हलवण्यापुरते. जोराचा येतो तो कोपराखाली, बरगडीवर. लगेच पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर टाकून थोडा बाजूला होतो. आता समोरच्याचे ठोसे त्याच्या खांद्यावरून जातात आणि ह्याचे मात्र पोचत राहतात. हे सगळं वीतभर जागेत. आमच्या पोरांना मी हे दोन वर्षं शिकवतोय, एकालाही अजून नीट जमलेलं नाही.

त्याचा पडता काळही मला तेवढाच मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये थायलंडच्या श्रीसाकेत सोर रुंगविसायकडून तो दोनदा हरला. दुसऱ्या वेळी चौथ्या फेरीतच नॉकआउट. तिशीला आलेला, एवढ्या लहान गटातला माणूस, सगळ्यांनी हिशेब मिटवला. पण २०२० मध्ये त्याने खालिद याफाईला हरवून किताब परत मिळवला, आणि १३ मार्च २०२१ ला, कार्बाहालच्या लढतीनंतर बरोब्बर २८ वर्षांनी, डॅलसमध्ये हुआन फ्रान्सिस्को एस्ट्राडासमोर उभा राहिला. त्या रात्री चोकोलातितोने १,३१७ ठोसे टाकले, एस्ट्राडाने १,२१२. फेरीमागे दोनशेच्या वर, म्हणजे सेकंदाला एकापेक्षा जास्त, सलग बारा फेऱ्या. निर्णय एस्ट्राडाच्या बाजूने, तोही विभागून, म्हणजे तिन्ही पंचांचं एकमत नसताना. मला तो आजही पटलेला नाही. एका पंचाने तर ११७-१११ असे गुण दिले होते, ते बघून मी लॅपटॉप बंद केला होता.

जुन्यांपैकी दोघांबद्दल सांगतो. वेल्सचा जिमी वाइल्ड लहानपणी कोळशाच्या खाणीत काम करायचा, इतका बारीक की मोठ्यांना शिरता येणार नाही अशा भेगांत तो सरपटत जाई. १९१६ मध्ये तो फ्लायवेटचा जगज्जेता झाला. मर्यादा ११२ पौंडांची, आणि हा बऱ्याचदा शंभरच्या आसपासच भरायचा, तरी जड माणसांना पाडायचा. दुसरा अर्जेंटिनाचा पास्कुआल पेरेस, पाच फूटही उंच नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने फ्लायवेटचं सुवर्ण घेतलं आणि १९५४ मध्ये टोकियोत योशियो शिराईला हरवून अर्जेंटिनाचा पहिला जगज्जेता झाला. त्याच १९४८ च्या लंडनमध्ये कुस्तीच्या फ्लायवेटमध्ये आपले खाशाबा जाधव सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य. गोळेश्वरच्या या पैलवानाचं मोठेपण आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही, आणि त्यांचं वजन किती होतं हेही कुणी विचारत नाही.

भारतातलंच उदाहरण हवं असेल तर अमित पंघाल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सगळ्या गटांतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडक मिळाला तो उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुस्मातोव्हला, ४९ किलोच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात हलक्या गटातल्या खेळाडूला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत पंघालने त्यालाच हरवलं. आधी त्याच्याकडून हरलेला असताना. ती लढत फक्त तीन फेऱ्यांची आहे, नऊ मिनिटांत बघून होते. दोघेही डावखुरे आहेत.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी पंघाल-दुस्मातोव्ह, मग कार्बाहाल-चिकिता, मग लोपेसच्या अल्वारेसबरोबरच्या दोन्ही लढती, आणि शेवटी डॅलसची रात्र. एस्ट्राडाची लढत आवाज बंद करून बघा, समालोचक लोक हातांबद्दलच बोलत राहतात. बाराव्या फेरीत पोचलात की दोघांच्या पायांकडे बघा आणि पहिल्या फेरीशी ताडून बघा. मला त्यात फारसा फरक सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर इथेच खाली लिहा, मी पुन्हा लावून बघेन.