ब्रेक पॅडचा नमुना यंत्रावर चढवण्यापूर्वी

पिन-ऑन-डिस्क यंत्र (फिरत्या चकतीवर नमुना दाबून घर्षण मोजणारे) हाताशी आहे म्हणून पहिल्याच दिवशी घर्षणगुणांक मोजायला बसू नका. फिनॉलिक रेझिन (मिश्रण बांधून ठेवणारी राळ), तंतू, बॅराइट (भर म्हणून घालायचे खनिज) आणि ग्राफाइट यांच्या मिश्रणातून दाबून काढलेला नमुना ओव्हनमध्ये पुरेसा पक्का झाला नसेल, तर पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात. म्हणून आधी घनता आणि सच्छिद्रता तपासा, तसेच कठिणता एकाच नव्हे, तर चार-पाच ठिकाणी मोजा.

खरी परीक्षा उष्णतेची असते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिनचे विघटन वेग घेऊ लागते, त्यातून सुटणारे वायू पॅड आणि चकती यांच्यामध्ये शिरतात आणि घर्षण घसरते. यालाच फेड म्हणतात. पॅड थंड झाल्यावर घर्षण कितपत परत येते, याचीही नोंद ठेवा. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या जे-६६१ चाचणीत छोटा चौकोनी नमुना फिरत्या ड्रमवर दाबतात, त्यामुळे निरनिराळ्या मिश्रणांची तुलना करायला ती सोयीची आहे. मात्र गाडी किती अंतरात थांबेल हे तिच्यावरून सांगता येत नाही, त्यासाठी डायनॅमोमीटर (पूर्ण ब्रेक बसवून तपासण्याचे यंत्र) आणि पुढे प्रत्यक्ष गाडीच लागते.

चकती करड्या ओतीव लोखंडाची घ्या, कारण गाडीच्या ब्रेकची चकती सहसा त्याचीच असते. मी सुरुवातीला गुळगुळीत पोलादी चकतीवर आठवडाभर मोजमापे घेतली आणि ती सर्व टाकून दिली. झीज वजनावरून काढणार असाल, तर नमुना आधी वाळवा, कारण सच्छिद्र पॅड हवेतला ओलावा धरतो आणि पावसाळ्यात झिजलेल्या नमुन्याचे वजन चक्क वाढलेलेही दिसू शकते.