पंखावरचा प्रवाह नेमका कुठे बिघडतो?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. कपाशीची पाहणी करणाऱ्या छोट्या विमानाच्या पंखावरील हवेचा रोध संगणकावर प्रत्यक्ष मोजमापापेक्षा जास्त का येतो?

उत्तर : आपले प्रारूप प्रवाहाला पुढच्या कडेपासूनच प्रक्षुब्ध (भोवऱ्यांनी घुसळलेला) मानत असावे, प्रत्यक्षात गुळगुळीत पंखावर तो बऱ्याच अंतरापर्यंत स्तरीय (थरांनी संथ वाहणारा) राहतो आणि त्याचे घर्षण कमी असते. संक्रमणाची, म्हणजे स्तरीय प्रवाह प्रक्षुब्ध होण्याची, जागा काढण्यासाठी १९५६ साली मांडलेली ‘ई घात एन’ पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते : प्रवाहातील सूक्ष्म लहरींची वाढ मोजत जायचे आणि ती सुमारे ८,१०० पट, म्हणजे ई (सुमारे २.७१८) या संख्येच्या नवव्या घाताइतकी (एन ९), झाली की संक्रमण झाले असे धरायचे. मात्र हा आकडा शांत हवेचा व स्वच्छ पंखाचा; कडेवर काळ्या मातीचा कण किंवा फवारणीचा सुकलेला थेंब चिकटला, तर प्रवाह तिथूनच बिघडू शकतो, म्हणून ती कड बोटाने चाचपून, ओल्या फडक्याने पुसून मगच मोजमाप घ्यावे.