जुन्या मित्राला आधी कॅसेट पाठव

‘ओळखलंस का?’ असला मेसेज नको टाकूस, समोरचा उगाच अवघडतो. त्यापेक्षा कॉलेजच्या मैफलीत दोघांनी भरलेली ती सी-९० कॅसेट काढ. एका बाजूला ४५ मिनिटं, त्यामुळे राग ऐन रंगात तुटलेला असणारच. नेमका तोच तुकडा पाठव. मात्र लगेच प्ले दाबू नकोस. टेप आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घे, प्लेअरचं हेड (टेप जिथे घासते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (माइकच्या नव्हे!) आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड कर. खरखर फार साफ करत बसू नकोस, तिच्यासोबत त्याची ‘वाहवा’पण जायची. उत्तर आलं की नोकरी-पगाराच्या चौकशा राहू देत. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सव असतो, तिकिटाचं विचार. भारतीय बैठकीचं, खुर्चीचं नको.