काचेच्या बरणीत हवाबंद केलेले उकडलेले बटाटे वर्षभर खाता येतात का?

मार्चात बटाटा स्वस्त मिळतो, तेव्हा सोलून, उकडून, मिठाच्या पाण्यात बुडवून बरण्या पातेल्यात उकळल्या आणि झाकणं घट्ट केली तर वर्षभर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. घरचा कुकर वापरला तर चालेल का, हेही विचारलंय. पातेल्यात उकळून अजिबात करू नका. शिट्टीच्या कुकरातही नको.

मी धुळ्याला एका हॉस्पिटलमध्ये ओटी सिस्टर होते. रिटायर होईपर्यंत ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने शस्त्रक्रियेचं सामान निर्जंतुक करायच्या यंत्राची, जबाबदारी माझ्याकडे होती. आणि नेमक्या याच बटाट्यांवरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं सासर शिंदखेडा तालुक्यातलं. उन्हाळ्याचं सगळं वाळवण मोठ्या जाऊबाईंच्या हाताखाली चालतं. बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, बटाट्याचा कीस, यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नाही, हे मी आजही मानते. त्या वर्षी आग्रा रोडने इंदूरकडून आलेला बटाटा मातीमोल भावात मिळत होता. मोठ्या दिरांनी कट्टेच्या कट्टे उतरवून घेतले. कीस झाला, वेफर्स झाले, नात्यागोत्यात वाटून झाला, तरी माजघरात ढीग शिल्लक. तेवढ्यात पुतणीने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ दाखवला आणि घरातल्या जॅमच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या बाहेर निघाल्या. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून त्यात बरण्या उभ्या केल्या, तासभर खळखळ उकळल्या. थंड होताना एकेक झाकण टुक् आवाज करत आत बसलं. हवा निघाली, काम फत्ते, असं सगळ्यांना वाटलं. बरण्या फडताळात ओळीने लागल्या. पाणी नितळ, बटाटे पिवळेधमक, बघत राहावं असे.

मी तेव्हा धुळ्याला होते. मला हे कळलं ते आषाढी एकादशीला, घर माणसांनी भरलेलं असताना. उपवासाला दह्यातले बटाटे करायचे होते. दही घुसळून तयार, दाण्याचा कूट, जिरं, हिरवी मिरची ताटात काढून ठेवलेली. जाऊबाईंनी फडताळातून बरण्या काढायला सांगितल्या. मी विचारलं, "ताई, हे कधीचे?" त्यांनी अभिमानाने सांगितलं, मार्चातले. कसे केले तेही सांगितलं. मी सरळ म्हटलं, एकही बरणी उघडायची नाही.

"वास तं येत नही ना? मंग काय व्हस?" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि तिथेच सगळा घोळ आहे. वास येतो, बुरशी धरते, तार सुटते, ते वेगळे जंतू. मी ज्याबद्दल बोलत होते तो क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम. त्याचं विष बटाट्यात तयार झालं तरी चवीत, रंगात, वासात काही फरक पडेलच असं नाही. झाकण फुगलं तर बरणी हमखास टाकायची, पण झाकण फुगलेलं नाही म्हणजे आतला माल चांगला, असा अर्थ काढता येत नाही. या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप, मातीत असतात, आणि बटाटा तर मातीतच वाढतो. कितीही घासून धुतला तरी ते राहतात. पाणी उकळायला लागलं की 100 अंशांवर अडकतं, खाली कितीही जाळ करा. त्या उष्णतेत साधे जंतू मरतात, हे बीजाणू तासन्‌तास तग धरतात. मग बरणीतली हवा गेलेली, बाकीचे जंतू मेलेले, आत ओल आणि पिठूळ खाद्य, बाहेर खान्देशातला एप्रिल-मे. त्यांना याहून चांगली जागा कोणती मिळणार? झाकणाचा तो टुक् आवाज ऐकून आपण निर्धास्त होतो, पण हवा नसलेली जागाच तर या जंतूला हवी असते.

दुसरा मुद्दा लोणच्याचा निघाला. "लोणचं वर्षभर टिकस, मंग हाई काबर नही?" कैरी आंबट असते, मीठ भरपूर असतं, वरून तेल असतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट; तो 4.6 च्या खाली असेल तर हा जंतू वाढत नाही. बटाट्याचा पीएच साडेपाचच्या आसपास. बरणीत घातलेलं चमचाभर मीठ फक्त चवीपुरतं, त्याने काहीही टिकत नाही. लिंबू पिळलं तरी भागत नाही, कारण फोडीच्या गाभ्यापर्यंत आंबटपणा पोहोचला का, हे घरात कोण मोजणार?

तिसरा मुद्दा, "आपला आठे असं काही व्हत नही," म्हणजे आपल्याकडे असं होत नाही. होतं. 1996 मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत एका निवासी शाळेतली मुलं याच प्रकारच्या विषाने आजारी पडली. संशय शेवेवर होता, आणि तीन मुलं दगावली. आणि बटाट्याचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत ओहायो राज्यात लँकेस्टर गावी, एप्रिल 2015 मध्ये, चर्चच्या पंगतीत बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे घरीच बरणीबंद केलेले, आणि केलेले अगदी आमच्यासारखे, उकळत्या पाण्यात. 29 जण आजारी पडले, एक बाई गेली. सॅलड थंडच खातात. आमचे दह्यातले बटाटेही थंडच असतात, ते गॅसवर जाणारच नव्हते.

मी बरण्या न उघडता दोन-दोन पिशव्यांत बांधल्या आणि सालदाराला बांधाकडेला खोल खड्डा करायला लावला, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल. त्या दिवशी भगर आणि दाण्याच्या आमटीवर सगळ्यांनी उपवास केला. तेव्हापासून घरात काहीही कार्य असलं की ‘एकादशीला हिने अन्न मातीत घातलं’ हे वाक्य ठरलेलं. वर ‘दवाखान्यातलं शहाणपण चुलीपाशी नको.’

दवाखान्यातलं शहाणपण चुलीपाशीच हवं. ओटीत आम्ही कात्र्या-चिमटे उकळून का वापरत नाही? अशाच बीजाणूंमुळे. धनुर्वाताचा जंतू याच घराण्यातला. म्हणून 15 पौंड दाब, 121 अंश, आणि ठरलेली वेळ. त्यातही नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवायचे ते म्हणजे आधी हवा बाहेर काढा. सामान ठेवायच्या ड्रमची (डब्याची) भोकं बंद राहिली किंवा आत हवा अडकली, तर काटा पुरता दाब दाखवतो आणि आतलं सामान मात्र तेवढं तापलेलंच नसतं. बाहेर काढल्यावर, पुरेसं तापलं की काळ्या होणाऱ्या टेपवरच्या रेघा फिकट दिसल्या की अख्खा ड्रम परत आत. सर्जन कितीही घाईत असो, कितीही ओरडो. मग मी एकादशीच्या घाईला काय म्हणून भीक घालू?

आता तुमच्या कुकरचं. घरच्या कुकरातही शिट्टीच्या वेळी साधारण तेवढाच दाब असतो, म्हणून लोकांना वाटतं चालेल. पण बरणीबंद बटाट्यांसाठी ज्या वेळा तपासून ठरवल्या आहेत त्या मोठ्या, जाड, हळू तापणाऱ्या आणि हळू निवणाऱ्या प्रेशर कॅनरसाठी. तापण्यात आणि निवण्यात जाणारा वेळही त्या हिशेबात धरलेला असतो. आपला कुकर पटकन तापतो, पटकन निवतो, आणि दर शिट्टीला दाब खाली-वर होतो, त्यात बरणीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. किती शिट्ट्या, याचं उत्तर कोणाकडेच नाही. कोणी आकडा सांगितला तर तो त्याने मनाने सांगितलाय असं समजा.

खरा कॅनर मिळवलातच, तर पद्धत अशी. बटाटा ताजा घ्या. कोल्ड स्टोरेजमधला बरणीत काळपट पडतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. (वेफर्स तळताना लाल होतात तेही यामुळेच.) साल पूर्ण काढायची. एक-दोन इंची बटाटे अख्खे घेतले तर 10 मिनिटं, अर्धा इंची फोडी केल्या तर 2 मिनिटं उकळून निथळायचे. ते पिठूळ पाणी टाकून द्यायचं, बरणीत नवं उकळतं पाणी घालायचं आणि वर एक इंच जागा सोडायची. बरण्या यासाठीच बनवलेल्या, नव्या झाकणांच्या. जॅमच्या चालत नाहीत. कॅनरची वाफ 10 मिनिटं मोकळी सोडून मगच वजन ठेवायचं. वजनाच्या कॅनरला 10 पौंड, काट्याच्या कॅनरला 11. अर्ध्या लिटरच्या बरणीला 35 मिनिटं, लिटरच्या बरणीला 40. मध्ये दाब एकदा जरी खाली आला तर वेळ पहिल्यापासून मोजायची. नंतर दाब आपोआप उतरू द्यायचा, वर गार पाणी ओतायचं नाही. हे आकडे धुळे, जळगाव, नंदुरबार शहरांसाठी ठीक, कारण ती हजार फुटांच्या खाली आहेत. तोरणमाळसारख्या उंच डोंगरावर राहत असाल तर वजनाच्या कॅनरला 15 पौंड लागतील.

एवढा खटाटोप वीस-तीस रुपये किलोच्या बटाट्यासाठी कशाला करायचा, हे मला खरंच कळत नाही. आपल्याकडे 44-45 अंशांचं ऊन फुकट मिळतं. बटाटा किसून तुरटीच्या पाण्यात धुवा, मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवा, गच्चीवर लुगड्यावर पातळ पसरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुठीत दाबल्यावर कडकड मोडला की झालं. पाणीच उरलं नाही तर जंतू वाढणार कशावर? जाऊबाईंचा कीस दुसऱ्या वर्षीही पांढराशुभ्र निघतो. त्यांच्याकडे ही विद्या आहे, म्हणून तर त्या बरण्यांचा मला जास्त राग आला.

दोन गोष्टी राहिल्या. त्या बरण्यांमध्ये विष होतंच, असं मी कधीही म्हटलेलं नाही. तपासल्या नव्हत्या, त्यामुळे सांगता येणार नाही. आणि दहा मिनिटं खळखळ उकळलं की हे विष नष्ट होतं, हेही खरं आहे. जाऊबाईंच्या बाजूचे लोक नेहमी हेच पुढे करतात. पण त्या दिवशी रस्सा होणार नव्हता, आणि पंगतीत लहान मुलं होती. उकळून मोडतं म्हणून शंका असलेली बरणी चाखून बघायची, हा शहाणपणा माझ्या घरात मी चालू देणार नाही. कोणी असलं काही खाल्लंच असेल आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, एकाचं दोन दिसायला लागलं, जीभ जड झाली, गिळता येईना, तर घरगुती उपाय न करता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते आधी सांगा. लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात, पण काही वेळा कित्येक दिवसांनीही दिसतात.

हाच नियम मटार, गवार, मक्याचे दाणे, ओल्या तुरीचे दाणे, सगळ्यांना लागू. आणि हल्ली भरीत डब्यात सील करून लेकीबाळींना पाठवतात, ठेचलेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात, तेही याच पंक्तीतलं. वांगं आंबट नाही, लसूण तर जमिनीतलाच, आणि वरचं तेल हवा अडवतं. भरीत आणि तेलातला लसूण दोन्ही फ्रीजमध्ये ठेवा, भरीत दोन-तीन दिवसांत आणि लसूण फार तर चार दिवसांत संपवा.