भाच्याला ऑटिझम आहे. इम्युनिटीवर उपचार करून, स्टेम सेल करून फरक पडतो का? त्यासाठी प्लॉट विकायला काढलाय.

स्टेम सेल करू नका. खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो, पण तुमच्या प्रश्नातलं "त्यासाठी प्लॉट विकायला काढलाय" हे वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडे प्लॉट नव्हता, पिंपळगावची द्राक्षबाग होती. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी सगळं चालू होतं. इंदिरानगरच्या घरात भिंतीला धरून चकरा मारायचा, हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही. पावसाळ्यात त्याला सडकून ताप भरला. आईच्या मांडीवर पडल्या पडल्या त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "आई, पाणी दे." तोवर नुसतं "पाणी" म्हणायचा, तेही फ्रिजकडे तोंड करून. दादा-वहिनी बघायला आले होते, त्यांनीही ऐकलं. ताप उतरला, पुन्हा भिंत आणि चकरा.

आम्ही दोघं अजून त्यातच होतो, तोवर दादाने निकाल लावून टाकला होता. ताप म्हणजे इम्युनिटी. तापात पोरगं बोललं, म्हणजे गोम इम्युनिटीतच. मग पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन, मग उंटिणीचं दूध, मग पोळी आणि साधं दूध बंद करा (त्र्यंबकला नारायण नागबळीचं आईने आधीच काढलं होतं). शेवटी मुंबईच्या एका क्लिनिकचं ब्रोशर आलं. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी मणक्यातून सोडायच्या, की म्हणे इम्युनिटी "रीसेट" होते. बागेवर कर्ज काढायची त्याची तयारी होती. मी नाही म्हटलं. "चार पैसे वाचवायला पोराला तसाच ठेवतोस," हे तो भाऊबीजेला, भरल्या घरात, बहिणीसमोर बोलला. अजून टोचतं.

वैताग असा की दादाने पाहिलं ते खोटं नव्हतं. 2007 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ऑटिझम असलेल्या 30 मुलांचा अभ्यास आला. बहुतेकांच्या वागण्यात तापात काही ना काही सुधारणा दिसली, पण ती टिकली नाही. 2005 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना ऑटिझम असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, चेतलेल्या सापडल्या. गरोदरपणात आईला मोठा संसर्ग झाला तर धोका थोडा वाढत असावा, असं डेन्मार्कच्या नोंदींतून दिसलं. कॅलिफोर्नियात काही आयांच्या रक्तात गर्भाच्या मेंदूतल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी मिळाल्या. म्हणजे काही मुलांत तरी संबंध असावा. पण यातलं काहीही इम्युनिटी कमी पडते असं सांगत नाही. उलट ती नको तिथे चेतलेली दिसते, आणि यातलं बरंच मूल जन्मायच्या आधीचं आहे. ती आणखी वाढवून काय मिळवणार?

"पण त्या अमक्याच्या मुलाला फरक पडला." पडतोच. 1998 मध्ये सिक्रेटिन या संप्रेरकाने तीन मुलं सुधारल्याचं छापून आलं आणि जगभरचे आईबाप इंजेक्शनामागे धावले. पुढच्याच वर्षी नीट चाचणी झाली, तेव्हा नुसतं सलाइन टोचलेली मुलंही तेवढीच "सुधारली" होती. मुलं वाढतात, शिकतात, आणि खर्च केलेल्या माणसाला तर सगळंच दिसतं. शरीरातले जड धातू काढतो म्हणून जे चिलेशन करतात, त्यात 2005 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा मुलगा गेला.

स्टेम सेलबद्दल डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने स्पष्ट सांगितलं: ऑटिझममध्ये शिफारस नाही, आणि डॉक्टरने असा उपचार किंवा त्याचा प्रचार केला तर तो व्यावसायिक गैरवर्तन. क्लिनिकवाले "संशोधन आहे" म्हणाले तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. आणि संशोधन असेल तर पैसे कसले घेता, हेही विचारा. आमच्या दादाला त्यांनी फोनवर पॅकेज सांगितलं होतं, ईएमआयसकट.

मी डॉक्टर नाही, कंपनीत क्वालिटीला आहे. मुलाला सिलिएक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) निघाला तर गहू बंद करावाच लागतो, तो वेगळा विषय. विशिष्ट अँटिबॉडी असलेल्या मुलांत फोलिनिक ॲसिडवर (फोलेट या जीवनसत्त्वाचा एक प्रकार) खरं संशोधन चालू आहे, पण ते न्यूरोलॉजिस्टला विचारून, इन्स्टावरून नाही. सुवर्णप्राशनाबद्दल तुमच्या घरी भांडण होणार असेल तर बालरोगतज्ज्ञांसमोर होऊ द्या, त्या बाटलीत काय आहे ते तेच विचारतील.

आमचा मुलगा आता मोठा आहे, वाक्यं बोलतो, कॉलेजला जाणार नाही. दादा म्हणतो, तेव्हा स्टेम सेल केलं असतं तर कॉलेजलाही गेला असता.

प्लॉट राहू द्या. सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, त्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा विमा मिळतो, त्यात थेरपीसाठीही काही रक्कम असते. आमचं प्रमाणपत्र काढताना रांगेत दादाच बरोबर होता. तिथेही मोबाइलवर त्याच क्लिनिकचे व्हिडिओ दाखवत होता.